सतरावी ओळ

"दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय?" पेन्सिलनं जिन्यात थांबून विचारलं.

"नमस्कार, आपल्याकडे कुणी आजारी आहे का?" मुंगी म्हणाली.

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर अरेरे म्हणायचं नाही."

हा नियम कालच झाला होता. शेजारच्या इमारतीतल्या एका काकूंनी हसतमुखानं "नाही हो, आम्ही सगळे ठणठणीत" असं सांगितलं होतं, मुंगीच्या तोंडून "अरेरे" निघून गेलं होतं, आणि काकूंनी दार असं आपटलं होतं की वरची नंबराची पाटी तिरकी झाली होती.

सुट्टी लागून अडीच आठवडे झाले होते. नदीवर पोहायला जायचं, वकिलाची सायकल रंगवायची आणि रोज दहा वाजेपर्यंत लोळायचं, असे बेत ठरले होते. त्यातला एकही तडीस गेला नव्हता. त्याऐवजी ही तीन मुलं घामाघूम होऊन लोकांचे जिने चढत होती. पेन्सिल तेरा वर्षांची, उंच, सडपातळ म्हणून हे नाव, आणि अक्षर छापल्यासारखं, म्हणून वही तिच्याकडे. वकील तिच्याच वर्गातला. बाईंनी शिक्षा केली तर ती शिक्षा नियमात कशी बसत नाही हे तो पटवून द्यायचा आणि मग दुप्पट शिक्षा भोगायचा. मुंगी त्याची धाकटी बहीण, दहा वर्षांची. ती दिसेल ते मोजायची. या जिन्याला अठ्ठावीस पायऱ्या आहेत हे तिनं न विचारता सांगितलं होतं.

आणि हे सगळं चाललं होतं पेन्सिलच्या आजोबांसाठी. सहा दिवसांपूर्वी त्यांना थंडी वाजून ताप भरला. दुसऱ्या दिवशी खोकला, तिसऱ्या दिवशी धाप, आणि चौथ्या दिवशी ते दवाखान्यात नाकाला नळी लावून पडले. फुप्फुसात पाणी, डॉक्टर म्हणाले. औषध चालू होतं, पण उतार पडत नव्हता. त्याच वॉर्डात त्यांच्या चौकाजवळची आणखी चार म्हातारी माणसं अशीच धापा टाकत होती. भर उन्हाळ्यात, एकाच भागातली इतकी माणसं. डॉक्टरांनाही नवल वाटत होतं, पण नवल करत बसायला त्यांना सवड नव्हती.

सवड होती ती आत्याला. आजोबांची ही थोरली मुलगी एकतीस वर्षं आरोग्य खात्यात दारोदार फिरून आजारी माणसं मोजत होती आणि मागच्या वर्षीच निवृत्त झाली होती. वाणसामानाची यादीसुद्धा ती रकाने आखून करायची, म्हणून सगळे तिला रकानाआत्या म्हणत. वडील आजारी पडल्याचं कळताच ती पिशवीत दोन साड्या आणि एक जाड वही घेऊन आली.

"डॉक्टर एका माणसाकडे बघतो," तिनं पहिल्याच दिवशी मुलांना सांगितलं होतं. "आपण सगळ्या गावाकडे बघायचं. आधी ठरवा, आजारी म्हणायचं कुणाला. नुसता शिंकणारा नको. ताप, खोकला आणि दवाखान्यात छातीचा आजार सांगितलेला, या महिन्यातला, तोच धरा. मग तीन रकाने. कोण, कुठे, कधी."

"आणि का?" वकिलानं विचारलं.

"का हा रकाना सगळ्यात शेवटचा. तो कोराच ठेवा. घाईनं भरलात तर खोटा भराल. यादी झाली की मला दाखवा. यादी म्हणजे उत्तर नव्हे."

हे तिनं दोनदा सांगितलं होतं. मुलांनी दोनदा मान डोलावली होती.

* * *

गुरुवारी दुपारी यादीत अकरा नावं झाली. मुलं चौकातल्या कारंज्याच्या कठड्यावर बसली. हे कारंजं तीन वर्षं बंद पडलं होतं. यंदा उकाडा फार म्हणून नगरपालिकेनं ते पुन्हा सुरू केलं होतं आणि चौकाला जरा जीव आला होता. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी मुंगीची लाल शिट्टी त्यात पडली होती आणि तिनं ते दुःख अजून सोडलं नव्हतं.

"नऊ पुरुष, दोन बायका," मुंगीनं मोजलं.

"एक मिनिट," वकील वहीवर वाकून म्हणाला. "हे सलूनला जातात. हेही. हेही. तुझे आजोबासुद्धा. अगं, नऊच्या नऊ पुरुष सलूनवाल्या काकांकडे जातात."

पेन्सिलनं पाहिलं. खरंच होतं. घरोघरी "कुठे कुठे जातात?" असं विचारलं होतं, आणि नऊही ठिकाणी मागच्या गल्लीतल्या त्या एका खुर्चीच्या सलूनचं नाव होतं.

"आणि या दोन बायका?"

"त्या जुळत नाहीत. त्यांना वेगळंच काहीतरी झालं असेल," वकील म्हणाला. पेन्सिलनं त्या दोन नावांवर पट्टीनं सरळ रेघ मारली. रेघ अगदी सुबक आली.

तिघांनाही सलूनवाले काका आवडायचे. आरसा, खुर्ची, कोपऱ्यात चित्रकथांचा ढीग, असं त्यांचं दुकान. मूल खुर्चीत बसलं की ते कात्री दोनदा हवेत वाजवून विचारायचे, "अभ्यासाचा कट की सुट्टीचा?" अभ्यासाचा म्हणजे बारीक. सुट्टीचा म्हणजे आई ओरडेल एवढा लांब. हे सगळं आठवूनही पेन्सिलच्या छातीत आनंदानं धडधडत होतं, हे इथे सांगितलं पाहिजे. उत्तर सापडल्याचा आनंद फार वाईट असतो. तो दुसरं काही दिसू देत नाही.

"आत्याला दाखवू," ती म्हणाली.

"ती दवाखान्यातून सातला येणार. तोवर आणखी किती जण दाढी करून घेतील?"

नेमके त्याच वेळी आरोग्य निरीक्षक समोरून चालले होते. काखेत फाइल, कपाळाला आठ्या. आठवडाभर वरून फोन येत होते आणि सांगायला त्यांच्याकडे काही नव्हतं. वकील उठला, त्यांच्यासमोर उभा राहिला आणि त्यानं बाजू मांडली. एकच टॉवेल कसा नऊ चेहऱ्यांवर फिरतो, पाणी मारायची बाटली कशी कधीच घासली जात नाही, वगैरे. इतकं चांगलं तो आयुष्यात बोलला नव्हता.

"नावं आहेत?" निरीक्षकांनी विचारलं.

पेन्सिलनं वही पुढे केली. त्यांनी खोडलेल्या दोन नावांकडे पाहिलंही नाही.

"शाब्बास," ते म्हणाले आणि वही दुपारपुरती सोबत घेऊन गेले. तासाभरात सलूनचं शटर खाली आलं. दोन कुलपांवर लाख लागली आणि मधोमध शिक्क्याचा कागद चिकटला. काका हातातली कात्री घेऊनच बाहेर उभे होते. ती आत ठेवायची राहिली होती.

* * *

संध्याकाळी रकानाआत्या स्वयंपाकघरात वही उघडून बसली. मुलं तिच्या शाबासकीची वाट बघत समोर उभी होती. तिनं यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली.

"आजारी नसलेले किती पुरुष त्या सलूनला जातात?" तिनं विचारलं.

मुंगी वहीत शोधू लागली.

"विचारलंत?"

"आजारी नाहीत त्यांना कशाला विचारायचं?" मुंगी म्हणाली.

"या भागात दुसरं सलून आहे?"

"नाही," पेन्सिल म्हणाली. सगळेच तिथे जायचे. तिचे बाबाही, पोस्टमनही आणि स्वतः निरीक्षकही.

"नऊच्या नऊ आजारी माणसं पायात चपला घालत असतील. म्हणून चपलांनी ताप येतो का?" आत्यानं पान जवळ घेतलं. "आणि या दोघी का खोडल्या?"

"जुळत नव्हत्या."

आत्या ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसता चष्मा काढून पदराला पुसला. "जे जुळत नाही तिथेच आधी जायचं असतं गं. मी पहिल्या वर्षी हेच केलं होतं. एका दूधवाल्याचं दूध ओतायला लावलं. नंतर कळलं, दूध चांगलं होतं. त्यानं गाव सोडलं होतं तोवर."

वकील त्याच पावली निरीक्षकांच्या घरी धावला. आपली चूक झाली हे त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. दुपारी एवढं गोड बोललेला माणूस दारात उभा राहून म्हणाला, "अहवाल वर गेला, बाळा. आता सील माझ्या हातात नाही."

"मग कुणाच्या हातात आहे?"

"ते बघावं लागेल," निरीक्षक म्हणाले आणि जेवायला आत गेले.

* * *

मग आत्यानं त्यांना पहिल्यापासून शिकवलं. रिकाम्या काड्यापेट्या गोळा केल्या. एक पेटी म्हणजे एक आजारी. ज्या दिवशी ताप आला त्या तारखेवर ती ठेवायची. दोघं एकाच दिवशी आजारी पडले तर पेटीवर पेटी. फळीवर एक लहानशी टेकडी उभी राहिली.

"सलूनमुळे असेल तर काय व्हायला हवं?" आत्यानं विचारलं.

"दुकान बंद झालं, आता टेकडी उतरायला हवी," पेन्सिल म्हणाली.

"लगेच नाही. हा आजार अंगात शिरल्यावर उठायला काही दिवस घेत असणार. म्हणून थांबायचं. थांबून बघणं हेही काम आहे."

हे काम सगळ्यात वाईट होतं. शनिवारी एक पेटी वाढली. सोमवारी दोन. आजोबांची नळी काढून तोंडावर ऑक्सिजनचा मोठा मास्क बसवला गेला. मंगळवारी यादीतल्या तिसऱ्या क्रमांकाचे निवृत्त ग्रंथपाल वारले. पेन्सिलनं विचारलं, "त्यांची पेटी काढायची का?" आत्या म्हणाली, "नाही. राहू दे." गुरुवारपर्यंत आणखी दोन पेट्या आल्या. एकूण सोळा. टेकडी उतरायचं नाव घेत नव्हती.

दरम्यान मुलं पुन्हा जिने चढत होती. या वेळी चांगल्या माणसांसाठी. प्रत्येक आजारी माणसामागे त्याच वयाची, त्याच रस्त्यावरची दोन धडधाकट माणसं शोधायची आणि त्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं, त्याच आवाजात विचारायचे.

"आवाजाचं काय एवढं?" वकिलानं विचारलं होतं.

"तू 'सलूनला जाता का' हे डोळे मोठे करून विचारलंस तर समोरचा घाबरून नाही म्हणेल. मग तू त्याचं उत्तर लिहिलं नाहीस, स्वतःचंच लिहिलंस."

या येण्याजाण्यात चौक रोज लागायचा. आणि चौकात, कारंज्याजवळच्या बाकावर, सलूनवाले काका बसलेले असायचे. सकाळी दुकान उघडायच्या वेळेला ते यायचे आणि बंद करायच्या वेळेला उठायचे. घरात करमत नाही म्हणायचे. पहिल्या दिवशी मुलं लांबच्या रस्त्यानं गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली.

"काय संशोधक, आज किती घरं?"

"सात," मुंगी म्हणाली.

"बसा जरा. इथं मस्त गार लागतं. वारा आला की तुषार थेट अंगावर." ते खोकले. विड्यांचा जुना खोकला होता तो, सगळ्यांच्या ओळखीचा. "दुकानात पंख्याची गरम हवा खात होतो इतकी वर्षं. ही मजा कधी घेतलीच नव्हती."

पेन्सिलला तेव्हाच सांगायचं होतं. काका, आम्ही सांगितलं होतं. शब्द घशापर्यंत आले आणि ती म्हणाली, "उशीर होतोय, जातो आम्ही."

"जा, जा. काम करा," काका म्हणाले.

पुढे आठवडाभर ती रोज हेच म्हणाली.

* * *

नवव्या दिवशी, शनिवारी सकाळी, बत्तीस चांगली माणसं पुरी झाली. आत्यानं वहीच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे आजारी, उजवीकडे चांगले.

"सलून," ती म्हणाली.

"आजारी पुरुष बारा, त्यातले दहा जातात," मुंगीनं मोजून सांगितलं. "चांगले पुरुष चोवीस, त्यातले एकवीस जातात."

"म्हणजे सारखंच," वकील म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. "सलूनचा काही संबंधच नाही."

"आता खोडलेल्या दोघी."

पहिली रोज दुपारी चौकात बसून लोकर विणणारी आजी. दुसरी शिवण शिकवणारी बाई, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहणारी, वॉर्डातून नाव मिळालेली. ती या भागात कुणाकडेच यायची नाही, म्हणून तर मुलांनी तिला इतक्या खुशाल खोडलं होतं. तिच्या मुलीला पेन्सिलनं आदल्या दिवशी गाठलं होतं आणि या वेळी उत्तर आहे तसं, शब्दाला शब्द लिहून घेतलं होतं. ते तिनं वाचून दाखवलं.

"आई तिकडे फक्त बस बदलते. बस येईपर्यंत कारंज्यापाशी उभी राहते. अंगावर तुषार आले की बरं वाटतं म्हणते."

मग पेन्सिल भराभर पानं उलटू लागली. 'दुपारी कुठे असता' या प्रश्नाची उत्तरं घरोघरी वेगवेगळ्या शब्दांत आली होती. बाकावर. पेपर वाचायला चौकात. नातवाला घेऊन कारंज्याकडे. बसथांब्यावर. मुंगीनं बोटांवर मोजलं.

"सोळातले चौदा. चांगल्यांतले बत्तीसपैकी सहा."

"उरलेले दोन?"

"एकांनी उत्तर द्यायला नकार दिला. आणि एक कुठेच जात नव्हते."

"एखादा राहतोच," आत्या म्हणाली. "त्याला ओढूनताणून बसवू नका." ती आधीच उठून दवाखान्याला फोन लावत होती. साठलेल्या कोमट पाण्यात एक जंतू वाढतो, तुषारांतून छातीत जातो, म्हाताऱ्या आणि कमजोर फुप्फुसांना धरतो, एकाकडून दुसऱ्याला होत नाही, आणि त्याला नेहमीचं औषध लागू पडत नाही, हे ती डॉक्टरांना थोडक्यात सांगत होती. त्याची तपासणी करून बघा, म्हणत होती.

पेन्सिल ते ऐकायला थांबली नाही. तिला एवढंच दिसत होतं की बाकावर कोण बसलंय. ती जिना उतरली तेव्हा तिच्या पायात चपलाही नव्हत्या. मागून वकील आणि मुंगी.

कारंजं जोरात उडत होतं. बाक ओला होता आणि रिकामा होता.

"सलूनवाला ना?" पलीकडचा वर्तमानपत्रवाला म्हणाला. "काल दुपारी इथंच हुडहुडी भरली त्याला. आम्ही दोघांनी धरून दवाखान्यात नेलं."

* * *

निरीक्षकांना कारंज्यापर्यंत आणायला वकिलाला अर्धा तास लागला. आत्या तोवर येऊन पोचली होती. कारंज्याच्या देखभालीचा मुकादम आपली नोंदवही घेऊनच आला. गडी निवांत होता.

"दर सोमवारी टाकी रिकामी करून घासतो," त्यानं पान उघडून दाखवलं. "ही बघा, चार सोमवार, चार सह्या. औषध टाकल्याचीही नोंद आहे."

निरीक्षकांनी सुटकेचा श्वास टाकला. कागदावर सही दिसली की त्यांना बरं वाटायचं. "झालं तर मग. कागदपत्रं चोख आहेत. मुलांनो, एकदा तुमचं ऐकून मी..."

"दर सोमवारी घासता?" मुंगीनं मुकादमाला विचारलं.

"दर सोमवारी."

"खालची जाळीपण?"

"जाळी तर आधी. हातानं."

मुंगी कठड्यावर पालथी झाली आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घालू लागली. आत्यानं तिला मागच्या मागे उचललं, स्वतः तोंडाला पदर बांधला, आधी मुकादमाला पंप बंद करायला लावला, आणि मग एका लांब काठीनं जाळीपाशी अडकलेलं काहीतरी वर ओढलं. हिरवट, गिळगिळीत शेवाळाचा गोळा. तिनं तो जमिनीवर काठीनं खरवडला. आतून लाल रंग दिसला.

"ती माझी शिट्टी आहे," मुंगी म्हणाली. "सुट्टीच्या पहिल्या दिवशी पडली. शनिवारी. तुम्ही चार वेळा जाळी हातानं घासलीत, तर ती अजून इथेच कशी?"

मुकादमानं नोंदवही मिटली. निरीक्षक शिट्टीकडे बघत राहिले. मुंगीनं आपण जिंकलो म्हणून भावाकडे पाहिलं. एरवी त्यानं तिला खांद्यावर घेऊन चौकभर मिरवलं असतं. तो त्या ओल्या बाकाकडे बघत उभा होता.

* * *

कारंजं त्याच दिवशी बंद झालं. टाकीतल्या पाण्यात आणि वॉर्डातल्या माणसांत एकच जंतू निघाला. औषध बदललं आणि चौथ्या दिवशी आजोबांनी पाणी मागितलं. फळीवर सतराव्या पेटीनंतर नवी पेटी आली नाही. पुस्तकात असतं तसं सगळं झालं.

सलूनवाल्या काकांना मात्र औषध मानवलं नाही. विड्यांनी आधीच अर्धी झालेली फुप्फुसं होती ती. पुढच्या रविवारी आत्यानं वॉर्डाच्या नर्सशी बोलून मुलांना पाच मिनिटं आत नेलं.

काकांच्या तोंडावर मास्क होता. डोळे उघडे होते. वकिलानं येताना वाटेत काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. तिथे पोचल्यावर तो नुसता खाटेची दांडी धरून उभा राहिला.

"काका," पेन्सिल म्हणाली, "निरीक्षकांना तुमचं नाव आम्ही सांगितलं होतं. चुकीचं होतं ते. आम्ही फक्त आजारी लोकांना विचारलं."

काकांनी सावकाश मान हलवली. त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, निरीक्षकांनी शटर ओढताना ती वहीच दाखवली होती त्यांना. पेन्सिलचं अक्षर ते ओळखत होते.

"तुमचं दुकान उघडणार आता. सील काढणार म्हणालेत."

काकांनी चादरीवरचा हात थोडा वर उचलला. दोन बोटं लांब केली आणि दोनदा कात्रीसारखी मिटली. मग ते वकिलाच्या वाढलेल्या केसांकडे बघत राहिले. ते उत्तराची वाट बघतायत हे कळायला तिघांना वेळ लागला.

"अभ्यासाचा," वकील कसाबसा म्हणाला. सुट्टी संपायला अजून दोन आठवडे होते.

बुधवारी सकाळी काका गेले.

* * *

सुट्टीच्या शेवटच्या शनिवारी नगरपालिकेच्या सभागृहात मुलांचा सत्कार झाला. नगराध्यक्ष बाई म्हणाल्या की एवढ्या लहान वयात एवढी शास्त्रीय नजर त्यांनी पाहिली नव्हती. दवाखान्याचे मोठे डॉक्टर म्हणाले की या मुलांनी किती जीव वाचवले ते मोजता येणार नाही. निरीक्षकांनी सर्वांत लांब भाषण केलं. त्यात त्यांनी मुलांवर पहिल्यापासून कसा विश्वास ठेवला होता, हे सांगितलं. आजोबा पहिल्या रांगेत काठी धरून बसले होते. चार पायऱ्या चढले की त्यांना थांबावं लागत होतं, आणि यापुढेही लागणार होतं.

मग भिंतीवरचा पडदा बाजूला झाला. मुलांची यादी सुंदर टाइप करून, काचेच्या चौकटीत लावली होती. टाळ्या पडल्या. मुंगीनं सवयीनं ओळी मोजल्या आणि पेन्सिलच्या कानात काहीतरी सांगितलं.

"यात सोळाच आहेत," पेन्सिल मोठ्यानं म्हणाली.

निरीक्षक तिच्याजवळ वाकले. "त्यांचं प्रकरण जरा वेगळं आहे, बाळा. ते नंतरचे. आणि सीलचा विषय निघेल. त्या यादीत ते जुळत नाहीत."

पेन्सिलनं त्यांच्याकडे पाहिलं. मग तिनं पिशवीतून आत्याची जाड वही काढली, व्यासपीठावरच्या टेबलावर उघडली आणि पेन मागितलं. नगराध्यक्ष बाईंनी आपलं दिलं. त्यांना वाटलं, मुलगी सही देतेय. पेन्सिल लिहिता लिहिता वाचत होती, तेच प्रश्न, त्याच क्रमानं, त्याच आवाजात.

"क्रमांक सतरा. कोण, सलूनवाले काका. वय चोपन्न. कुठे, कारंज्याजवळचा बाक, सकाळी नऊ ते रात्री आठ. कधी, शुक्रवारी दुपारी ताप." ती थांबली. शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. आत्यानं कारंजं सापडल्यावरही तो भरू दिला नव्हता. टाकी कुणी का धुतली नाही, हे अजून कुणी सांगितलं नव्हतं. पण या एका ओळीचं उत्तर पेन्सिलला पक्कं ठाऊक होतं.

"का," ती म्हणाली. "आम्ही त्यांचं दुकान बंद केलं म्हणून ते तिथे बसले."

टाळी कुणीच वाजवली नाही. वकील आणि मुंगी तिच्या दोन बाजूंना येऊन उभे राहिले. ओळीखाली तिघांनी सह्या केल्या. निरीक्षक फाइलमध्ये काहीतरी शोधू लागले.

रकानाआत्या मागच्या रांगेतून उठून पुढे आली. तिनं चष्मा लावला आणि सतरावी ओळ एकदा नीट वाचली.

"बरोबर भरलास," ती म्हणाली.

त्या दिवशी खूप मोठ्या माणसांनी कौतुक केलं. त्यातलं एवढं एकच पेन्सिलला नंतर आठवलं.

परतताना ते मागच्या गल्लीतून आले. आजोबा दर थोड्या वेळानं थांबत होते, म्हणून सगळेच थांबत होते. सलूनसमोर ते जरा जास्त वेळ उभे राहिले. शटरवरची दोन्ही कुलपं तशीच होती. शिक्क्याच्या कागदाचा एक कोपरा उन्हानं सुटला होता. तो काढायची कुणाला आठवण राहिली नव्हती.